सुमनबाईंच्या घरातलं कपाट

माझं पहिलं स्वतंत्र काम मी उघड्या कुलपावर केलं. तलासरीच्या बाजारात एका गुजराती किराणा दुकानदाराच्या गोदामाची किल्ली हरवली होती. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून त्यांनी मला एकट्यालाच हत्यारांची पिशवी देऊन एसटीत बसवलं. मी दारापुढे उकिडवा बसलो. पाऊण तास तार फिरवली, कान लावला, डोळे मिटले, घामाघूम झालो. बघायला चार माणसं जमली तेव्हा कुलपाच्या पोटात काय काय असतं यावर त्यांना व्याख्यानही दिलं. शेवटी शेटजी कंटाळले, वाकले आणि त्यांनी कुलूप नुसतं खाली ओढलं. ते त्यांच्या हातात आलं. "अरे भाई, ए तो खुल्लुं ज छे!" आदल्या संध्याकाळी नोकरानं ते कोयंड्यात अडकवलं होतं, दाबायचं राहिलं होतं. माझी सासुरवाडी तलासरीचीच आणि लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले, त्यामुळे ही बातमी माझ्याआधी मसोलीला आमच्या घरी पोचली. जेवायला बसलो तर शैलानं, माझ्या बायकोनं, भाजीचं पातेलं पुढे धरलं आणि म्हणाली, "हे उघडंच आहे हं. आधी बघून घ्या."

अशा माणसानं कुलपांबद्दल लिहावं हे धाडसच आहे. पण त्या वर्षीची एक गोष्ट मी अजून धड कुणाला सांगितलेली नाही. सांगायला लागलो की मुलं विचारतात, "भुताची आहे का?" मला खरंच ठरवता येत नाही. तेव्हा लिहूनच टाकतो.

आमचं घर मसोलीत, रुळांपासून इतक्या जवळ की मेल गाडी गेली की भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेल्या शे-दोनशे कोऱ्या किल्ल्या एकदम किणकिणायच्या आणि गाडी लांब गेली तरी थोडा वेळ थरथरत राहायच्या. आई त्या आवाजावर स्वयंपाक करायची. "गुजरात मेल गेली, भात उतरवा," असं तिचं घड्याळ. सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, दुपारी वालाचं बिरडं नाहीतर ताजे बोंबील, आणि मोसमात घरभर पेंढ्यात पिकत घातलेल्या चिकूंचा गोड, जरा आंबलेला वास. त्यात कानशीनं घासलेल्या पितळेचा वास मिसळायचा. शैला लग्न होऊन आली तेव्हा आठ दिवस तिला जेवण जाईना. "तुमच्याकडे पाण्यालासुद्धा किल्लीची चव आहे," म्हणायची. तिचं नाक फार तिखट. अजूनही आहे. दूध नासायच्या तासभर आधी ती सांगते.

अण्णा रेल्वेत फिटर होते. निवृत्तीनंतर डहाणू रोड स्टेशनबाहेर एका लॉजच्या जिन्याखाली टेबल टाकून त्यांनी किल्ल्यांचं काम सुरू केलं होतं. आता दोन मिनिटांत मशीन घरंघरं करून नकल काढून देतं. माझा मुलगा तेच करतो आणि मधे मधे फोनही बघतो. पण नकल काढायला मूळ किल्ली लागते. मूळच हरवली असेल तर कुलपालाच विचारावं लागतं, आणि ते विचारायची एक रीत आहे. लोखंडी कपाटाच्या कुलपात पितळेच्या सहा पट्ट्या असतात, पत्त्यांसारख्या एकीवर एक. प्रत्येक पट्टी आपापल्या उंचीला उचलली गेली तरच दांडा सरकतो. आपण कोरी, दात न कापलेली किल्ली घ्यायची, रॉकेलच्या चिमणीवर धरून ती काजळीनं काळी करायची, अलगद आत घालायची आणि फिरवायचा जोर द्यायचा. ती फिरत नाही, पण ज्या पट्टीला खुपली तिथली काजळी पुसली जाते. बाहेर काढून उजेडात धरली की काळ्यात एक बारीक चकाकी दिसते. तिथे कानशीचे दोन हात. पुन्हा काजळी, पुन्हा आत. एकेक पट्टी पटली की ती खूण करायची थांबते. सहाच्या सहा गप्प झाल्या की किल्ली फिरते. अण्णा याला कुलूप वाचणं म्हणत.

अण्णांचे दोन नियम होते. कपाट उघडलं की लगेच पाठ फिरवायची, आत काय आहे ते बघायचं नाही. आणि कुलपावरून जे कळेल ते गिऱ्हाइकाला बोलायचं नाही. कारण कळतं बरंच. कुलूप कुणी खोटी किल्ली घालून चाळवलंय का, रोज उघडतं की सणासुदीला, उघडणाऱ्याचा हात हलका की रागीट, हे सगळं पट्ट्यांवर उमटलेलं असतं. "डॉक्टर पेशंटचं बाहेर बोलतो का? मग आपण का बोलायचं?" असं अण्णा विचारायचे. मी मान डोलवायचो. मान डोलवणं मला चांगलं जमायचं.

त्या दिवशी गुरुवार होता. जेवणं झाल्यावर टेबलापाशी एक बाई आल्या. तिशीच्या आतल्या, साधी सुती साडी, कपाळावर मोठं ठसठशीत कुंकू. डहाणू गावातल्या बालवाडीच्या सुमनबाई. मी त्यांना नावानं ओळखत होतो, सगळं गावच ओळखत होतं. त्यांचे यजमान दिनकरराव पाटबंधारे खात्यात कारकून होते. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी ते गळ घेऊन धाकट्या डहाणूला खाडीवर मासे धरायला गेले आणि परत आलेच नाहीत. सायकल आणि चपला काठावर मिळाल्या, माणूस मिळाला नाही. बुडाले म्हणावं तर प्रेत नाही. वापीला कुणीतरी त्यांना कुणा बाईबरोबर बघितलं म्हणे, बिलिमोऱ्याला कुणी चहा पिताना बघितलं म्हणे. गावानं त्यांना रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनावर एकेकदा उतरवलं होतं.

"भाऊ, कपाट उघडून हवंय," सुमनबाई म्हणाल्या. "किल्ली यांच्याजवळ होती. मला तलासरीला शाळेत पक्की नोकरी लागलीय. शनिवारी मूळ प्रमाणपत्रं दाखवायची आहेत, नाहीतर दुसऱ्याला देणार. प्रमाणपत्रं त्या कपाटात आहेत."

"तीन वर्षांत उघडलंच नाही?"

"आई फोडू देत नाहीत. म्हणतात, माणूस जिवंत असताना त्याचं कपाट फोडायचं नसतं."

त्यांचं घर गावातल्या एका चाळवजा घरात, मागच्या बाजूला. बाहेर ओटी, आत एकच मोठी खोली, पलीकडे मोरी. खोलीत एका भिंतीला हिरवं लोखंडी कपाट, समोर सासूबाईंची खाट. वारा पडलेला, बाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता. सासूबाई, यशोदाकाकू, खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. लहानखुरी बाई, चापूनचोपून तेल लावून घातलेला पांढरा अंबाडा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे.

"फोडणार का रे?"

"नाही काकू. किल्ली करणार. ओरखडासुद्धा येणार नाही."

"कशाला करतोस? तो आला की उघडेल ना."

 सुमनबाईंनी चिमणी पेटवून माझ्यापुढे ठेवली.

तीन वर्षं बंद असलेलं समुद्रकाठचं कुलूप मला पाठ होतं. खाऱ्या हवेनं पट्ट्या एकमेकींना चिकटतात, भोकातून गंजाची पूड गळते, आत कोळ्यानं अंडी घातलेली असतात. त्यासाठी मी रॉकेलची पिचकारीही आणली होती. आधी सायकलच्या आऱ्याची वाकवलेली तार आत घातली, पट्ट्या मोजायला. तार आत गेली ती इतकी मऊ गेली की माझा हातच थबकला. एकेक पट्टी मी उचलली आणि सोडली, आणि एकेक पट्टी टुणकन जागेवर आली. नव्या कपाटाची यावी तशी. मी स्वतःला म्हटलं, बरं कपाट आहे, जुना माल. मग किल्ली काळी करून आत घातली, जोर दिला, बाहेर काढली. काजळीवर खुणा नव्हत्या. काजळीच नव्हती. ओल्या बोटानं पाटी पुसावी तशी ती फरफटून गेली होती आणि किल्ली तेलानं चमकत होती.

आता इथे शहाण्या माणसानं काय केलं असतं? किल्ली पुसली असती आणि गप्प कामाला लागला असता. मी एकवीस वर्षांचा, तलासरीची बेअब्रू ताजी, आपल्याला काहीतरी कळलं याचा आनंद इतका झाला की तोंडातून निघून गेलं, "अहो, हे कुलूप बंद कुठंय? हे तर रोज उघडतंय!"

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. तीन वर्षं. एकच किल्ली. ती ज्याच्या खिशात होती तो माणूस खाडीवर गेलेला.  चिमणीची ज्योत सरळ उभी होती, जराही हलत नव्हती, आणि तेच मला फार वाईट वाटलं.

"म्हणजे ते येतात?" सुमनबाईंनी विचारलं. अगदी हळू. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. काकूंकडे बघत होत्या. काकू आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

मी काम पुरं केलं. किल्ली दर वेळी पुसायची, काजळी धरायची, तेलातून मिळेल ती खूण शोधायची. अर्ध्या तासाचं काम तासावर गेलं. किल्ली फिरली. मूठ खाली वळली, दार उघडलं, आणि मी नियमाप्रमाणे पाठ फिरवली. हा नियम मात्र मी त्या दिवशी मनापासून पाळला. आत कुणी उभं असतं तर ते मला बघायचं नव्हतं.

मागून कागदांची सळसळ ऐकू आली. प्रमाणपत्रं मिळाली असावीत.  मग सुमनबाई म्हणाल्या, "भाऊ, इकडे या. याला हात लावून बघा."

"नको बाई. आमच्यात बघत नाहीत."

"बघू नका. हात लावा."

मी मागे न बघता हात मागे केला. त्यांनी माझ्या बोटांत कापड दिलं. शर्टाची कॉलर. ओली होती. पिळून दोरीवर टाकल्यावर पहिल्या तासात असते तशी ओली, आणि गार. मी हात झटकला आणि वळलो. वळायचं नव्हतं, पण वळलो. कपाटात पुरुषाचे कपडे नीट घड्या घालून रचलेले होते, वरच्या पँटला धूळ नव्हती, आणि सुमनबाईंच्या हातात एक निळ्या रेघांचा शर्ट होता.

त्यांनी तो जागेवर ठेवला. प्रमाणपत्रांची फाईल त्यावर ठेवली, कपाट बंद केलं, मी केलेली किल्ली फिरवली आणि पदराला बांधली.

"आई," त्या म्हणाल्या, "मी काही तलासरीला जात नाही आता. माणूस घरी येत असताना मी गाव कसं सोडू? उद्या मी रोजच्यासारखी बालवाडीला जाईन. मी नसतानाच येतात, तर येऊ देत."

काकूंच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी पिशवी उचलून चालता झालो होतो. पैसे घ्यायचेही राहिले. चिमणी तिथेच, कानस तिथेच.

घरी आलो तर शैला दारात सुपात तांदूळ पाखडत होती. "तोंड असं का? याही वेळेला उघडंच होतं?" मी हात पुसलेला रुमाल बादलीत टाकायला तिच्याकडे दिला. तिनं तो नाकापाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "आता किल्ल्यांना खोबरेल लावता की काय? आणि तेही खवट."

मी रुमाल परत हिसकावला. हुंगला. खोबरेलच होतं. तासभर हातात किल्ली धरून बसलो होतो आणि भीतीपायी मला नाक आहे हेच विसरलो होतो. अण्णा ओट्यावर पडून ऐकत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी बोलून गेलो तेसुद्धा. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "दिनकर सायकल वापरायचा ना? सायकलवाला माणूस कुलपात कुठलं तेल घालेल?"

"सायकलचं. नाहीतर शिवणयंत्राचं."

"खोबरेल कोण घालेल?"

माझ्या डोळ्यांपुढे तो चापूनचोपून बसवलेला पांढरा अंबाडा आला.

"काकू," मी म्हटलं.

"आणि ती पोरगी तुझ्या बोलण्यावर पक्की नोकरी सोडून बसलीय. नवरा येतो म्हणून." अण्णा कुशीवर वळले. "बोलायचं नव्हतंस. पण बोलून आलायस, तर आता उरलेलं बोलून ये. शनिवारच्या आत."

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी गेलो. काकूंना एकटीला गाठायचं, किल्ली कुठे मिळाली ते विचारायचं, आणि सुनेला सांगा म्हणायचं, असं वाटेत चार वेळा घोकलं होतं. ऊन चढलं होतं, चाळीतल्या बायका पाण्याला गेल्या होत्या, पुढचं दार लोटलेलं होतं. मी ओटीवर पाय ठेवला आणि आतून आवाज आला. खट्. कपाटाची मूठ. हा आवाज मी झोपेतही ओळखतो. मग दार उघडल्याची कुरकुर, आणि मग काकूंचा आवाज, अगदी रोजचा, घरगुती.

"जेवलास का?"

मी तिथेच उभा राहिलो.

"नीट नाही जेवत तू कधी. आईला फसवतोस." थोडा वेळ शांत. "ती? ती गेलीय शाळेत. येईल बाराला." पुन्हा शांत. "नाही रे, नाही जाणार. काल म्हणाली ना, ऐकलं नाहीस?"

त्यांचं बोलणं मी सहन केलं असतं. म्हातारी माणसं बोलतात एकटी. पण मधे त्या थांबत होत्या, समोरच्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढाच. लांब उत्तराला लांब, छोट्याला छोटा. एकदा तर त्या उत्तर ऐकून हसल्या. आज मी बासष्ट वर्षांचा आहे, बऱ्याच घरांची दारं उघडलीत, पण त्या ओटीवरून जितकं पळावंसं वाटलं तितकं पुन्हा कुठूनही वाटलं नाही. वळलो तर पिशवी दाराला लागली आणि दार उघडलं.

आत फक्त काकू होत्या. कपाट सताड उघडं. मांडीवर निळ्या रेघांचा शर्ट. आणि कपाटाच्या भोकात एक किल्ली, मी न केलेली.

"ये," त्या म्हणाल्या. जराही दचकल्या नाहीत. "तू येशील असं वाटलंच होतं. काल फार बोललास."

"काकू, ही किल्ली..."

"बघ हवी तर."

मी ती काढून उजेडात धरली. किल्लीला फिकट लोकरीची एक गाठ बांधलेली होती, कधीकाळी लाल असावी. लोखंड देवीचे व्रण असावेत तसं खड्ड्याखड्ड्यांनी भरलेलं. राखेनं घासून घासून पातळ झालेलं. असा गंज घरात बसत नाही. किनाऱ्यावरच्या हवेनंही बसत नाही. ती किल्ली महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्याखाली होती. मी जी काही विद्या शिकलो होतो तिनं मला ते एका नजरेत सांगितलं, आणि या वेळी मी तोंड मिटून ठेवलं.

"धाकट्या डहाणूचा कोळी घेऊन आला," काकू म्हणाल्या. "जाळ्यात पट्टा आला, पट्ट्याला ही. बाकी काही नव्हतं. त्याला म्हटलं, तुला तुझ्या पोराची शपथ आहे, कुठे बोलू नकोस. तो नाही बोलला. चांगला माणूस. किल्ली अडायला लागली कुलपात, म्हणून मग तेल घालते रोज थोडं."

"सुमनबाईंना नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तिनं कुंकू पुसलं असतं." शर्टाची बाही त्या सरळ करत होत्या. "तिच्या कपाळावर आहे तोवर आहे तो. ती सकाळी आरशापुढे बसून लावते ना, मी बघते. रोज बघते. मग तो कसा गेला असेल, तूच सांग."

 मग मी विचारू नये ते विचारलं. "आणि कपडे रोज धुता? काल कॉलर ओली होती."

काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"धुतलं नाही रे कधी," त्या म्हणाल्या. "धुतलं तर त्याचा वास जाईल ना."

दारात सावली पडली. सुमनबाई उभ्या होत्या. बालवाडीची पिशवी खांद्याला, पायात चपला तशाच. बारा वाजायला खूप वेळ होता. त्या किती वेळ तिथे होत्या ते मला आजही माहीत नाही.

"कुणाशी बोलताय, आई?"

मी किल्ली हातात धरून उभा होतो, चोरासारखा. काकूंनी ती माझ्या हातातून घेतली. वाटलं, लपवतील. मूठ मिटली होती त्यांनी. मग सुनेकडे बघत राहिल्या आणि कितीतरी वेळानं ती मूठ उघडली.

"तूच बांधलेली गाठ आहे," त्या म्हणाल्या. "बघ."

सुमनबाईंनी किल्ली घेतली नाही. लोकरीच्या गाठीला फक्त बोट लावलं. "कधी?"

"तो गेला त्या वर्षीच्या दसऱ्याच्या आधी."

"कुठे?"

"खाडीत." आणि मग तो शब्द, जो त्या म्हातारीनं तीन वर्षं दातांमागे धरून ठेवला होता. "बुडाला गं माझा दिनू. बुडाला."

आणि काकू रडायला लागल्या. हुंदके देऊन नाही, लहान मूल हरवल्यावर रडतं तशा, तोंड उघडं ठेवून. सुमनबाई पुढे आल्या. आधी त्यांनी काकूंच्या मांडीवरचा शर्ट घेतला, बाहेर गेल्या, आणि चाळीतल्या सगळ्यांना दिसेल असा तो भर उन्हात दोरीवर टाकला. मग आत येऊन सासूला पोटाशी धरलं. मी कपाटाकडे पाठ करून उभा होतो. नंतर केव्हातरी हळूच बाहेर पडलो. दोरीखालून जाताना त्या शर्टाला हात लावायचा मोह झाला. लावला नाही.

शनिवारी सकाळी मी एसटी स्टँडवर मुद्दाम गेलो. तलासरीच्या गाडीला रांग होती. सुमनबाईंच्या काखेत फाईल, कपाळ मोकळं. त्यांच्या मागे, पदर धरून, काकू. त्यांच्याही हातात एक पिशवी होती. मला बघून सुमनबाईंनी मान हलवली, अगदी थोडी, हिशोब मिटल्यासारखी. पुढे त्या दोघी तलासरीलाच राहिल्या. बाईंनी तिथे पुष्कळ वर्षं शिकवलं. हिरवं कपाट त्यांनी जाताना कुणाला तरी देऊन टाकलं, किल्लीसकट. कुठल्या किल्लीसकट, ते मी विचारलं नाही.

त्या दुपारी मी शैलाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर थोड्या ऐटीत सांगितलं. माझ्यामुळे एका बाईचा जन्म मार्गी लागला, म्हातारीचं खोटं उघड झालं, आणि सगळं एका काजळी लागलेल्या किल्लीवरून. शैला वालाच्या बिया सोलत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्हाला किल्ली करायला बोलावलंच नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मला नुसत्या रुमालावरून वास आला. ती तीन वर्षं त्याच खोलीत निजत होती. तिला कळलं नसेल? तिला कुणीतरी परक्यानं येऊन ते मोठ्यांदा बोलायला हवं होतं. स्वतः बोलली असती तर सासूला चोर ठरवल्यासारखं झालं असतं. तुम्ही बोललात. मग तिनं नोकरी सोडते म्हणून सांगितलं. तेही तुम्हाला नाही, सासूला. आणि शुक्रवारी मधेच परत आली. विसरलेलं काहीतरी न्यायला आली होती का?"

 सोललेल्या बिया ताटलीत पडल्याचा आवाज तेवढा येत होता. सगळं बरोबर बसत होतं, माझा मोठेपणा सोडून. मग मला आठवलं, आणि मला वाटलं, आता हिला अडवतो.

"आणि कॉलर?" मी म्हटलं. "काकूंनी शर्ट धुतला नाही. बाईंकडे किल्ली नव्हती. ती कुणी भिजवली?" आमच्या किनाऱ्यावर घामाचं मीठ बसलेलं कापड हवेतलं पाणी ओढून घेतं, हे मी स्वतःला आजवर किती वेळा सांगितलंय. पण तितकं ओलं नाही होत. मी हात लावलाय.

शैलाचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शर्टाच्या खिशाकडे. उठली, खिशात हात घातला आणि आमच्या ट्रंकेची किल्ली बाहेर काढली. ती आपल्या मंगळसूत्रात ओवली.

"ही बाहेर जाणाऱ्याच्या खिशात नको, घरीच राहू दे," ती म्हणाली. "तुम्ही आपले कुठून कुठून या, दार वाजवा. मी आहे उघडायला."